काळी-तांबडी शाल

मैत्रिणीच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मी नाकाला रुमाल लावला. मी वसईची. अंगणात सुकट, जवळा, बोंबील वाळत घातलेल्या घरात वाढलेली. वासाला दचकणारी बाई मी नव्हे. पण हा वास वेगळाच होता. ओले मोजे, जुनं चीज आणि चुलीचा धूर यांचं मिळून काहीतरी. कॉरिडॉरमध्ये दोन शेजारणी दारं किलकिली करून उभ्या होत्या आणि बिल्डिंगच्या ऑफिसात फोन करावा का, यावर त्यांची चर्चा चालली होती.

"मी बघते," असं सांगून मी बेल वाजवली.

मैत्रिणीने दार उघडलं. एका हातात डाव, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

"दी, घाबरू नका. अखुनी आहे. आंबवलेलं सोयाबीन. उद्या पोर्कमध्ये घालायचं."

"अगं, लोक पोलीस बोलावतील."

"मागच्या वर्षी फायर ब्रिगेड बोलावली होती," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून यंदा खिडक्या उघड्या ठेवल्यात."

खरंच ठेवल्या होत्या. डिसेंबरचा पहिला आठवडा, बाहेर बर्फ, आणि गावाहून आलेले तिचे वडील कोचावर पार्का, टोपी, हातमोजे चढवून चहा पीत बसले होते. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावून सलाम ठोकला. "कमांडर आली. सगळे सरळ बसा."

कमांडर हे नाव मला त्यांनीच दिलं होतं, माझ्या हातातल्या क्लिपबोर्डमुळे. मी याद्या करते. ग्रोसरीची, विंटर टायर्सची, नाताळच्या कुस्वाराची म्हणजे फराळाची, कोणाला कोणती भेट द्यायची त्याची. टोरोंटोत, स्कारबरोच्या एका वृद्धाश्रमात नर्सच्या ड्यूट्या लावायचं काम मी करते, ते यादीशिवाय होतच नाही. मैत्रीण तिथेच नर्स. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, नागालँडची, आओ नागा जमातीची. आम्ही आपसांत हिंदी बोलायचो. तिच्या हिंदीत इंग्रजी जास्त आणि माझ्या हिंदीत मराठी जास्त, पण अडलं कधीच नाही.

नागालँडात डिसेंबरच्या सुरुवातीला धनेश पक्ष्याच्या नावाचा मोठा हॉर्नबिल महोत्सव भरतो. सगळ्या जमाती एकत्र येतात, आपापले नाच, गाणी, जेवण घेऊन. टोरोंटोतल्या नागा लोकांनीही तसाच छोटा उत्सव दरवर्षी करायला सुरुवात केली होती. आधी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये व्हायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता आणि सगळं मैत्रिणीच्या अंगावर आलं होतं.

"दी, तुम्ही तुमच्या मराठी लोकांचे कार्यक्रम करता ना? आमचा एक करून द्याल?" तिने विचारलं होतं. मी हो म्हणायच्या आत पेन काढलं होतं.

त्या संध्याकाळी मी भांडी न्यायला गेले होते. भांडी तयार नव्हती, म्हणून बसले. तेव्हा तिच्या वडिलांनी आतल्या खोलीतून एक पिशवी आणली, टेबल स्वतः पुसलं, हात पुसले आणि एक शाल उलगडली. काळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची, जाड. मध्ये एक पांढरा पट्टा आणि त्यावर काळ्या शाईने चित्रं काढलेली. वाघ, हत्ती, कोंबडा, धनेश पक्षी, मिथुन म्हणजे त्यांच्याकडचा गव्यासारखा भला मोठा बैल, आणि त्यांच्या मध्ये ओळीने गोल गोल काहीतरी.

"ही काय, फळं?" मी विचारलं.

"माणसांची डोकी," ते म्हणाले.

माझा चहाचा कप तोंडापाशीच राहिला. त्यांना मजा वाटली. ते निवृत्त शाळामास्तर होते, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखं इंग्रजी बोलायचे. त्यांनी मला समजावून दिलं. ही शाल कोणीही घालायची नाही. पूर्वी शत्रूचं डोकं आणणाऱ्याने घालायची, किंवा मिथुन कापून अख्ख्या गावाला जेवण दिलेल्याने. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती होण्याआधी तसं जेवण दिलं होतं. धान्याची कोठारं रिकामी झाली होती आणि मग ही शाल मिळाली. कापड त्यांच्या आईने विणलं. बायकाच विणतात. पांढऱ्या पट्ट्यावरची चित्रं मात्र म्हातारे पुरुष काढतात.

"आणि बायका घालतात?"

"बायकांच्या शाली वेगळ्या. त्यांचाही मान मोठा. पण ही नाही."

"तुम्ही घालता?"

"मी कोणाला जेवू घातलंय? मी नुसती जपली." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "उद्या लोकांना बघू दे. मग मी परत नेणार. जानेवारीत पुतण्याचं लग्न आहे, त्याला द्यायची. घराण्यात आता तोच मुलगा."

मैत्रीण किचनमध्ये पाठमोरी उभी होती. डाव फिरायचा थांबला होता. थोड्या वेळाने मी डबे भरायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला घालायची नाहीये, दी. कधीच नव्हती. नुसती घरात हवी होती. मी एकुलती एक आहे. आजी मला मांडीवर घेऊन या शालीतली जनावरं ओळखायला शिकवायची. पण पप्पांना मी विचारलंच नाही. उत्तर मला माहीत आहे."

आमच्या वसईतही घर भावाकडेच गेलं आणि त्याचं मला फार काही वाटलं नाही. पण आईचं लाल लुगडं माझ्या कपाटात आहे. ते भावजयीकडे गेलं असतं तर मी काय केलं असतं, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला तेव्हा सगळं माझ्या मनासारखं होतं. टेबलं भिंतीला, खुर्च्या रांगेत, वॉशरूमची पाटी दिसेल अशी. भाले आणायला सेंटरने परवानगी दिली नव्हती, म्हणून नाचणाऱ्या मुलांनी हॉकी स्टिकांना लाल-काळ्या पट्ट्या गुंडाळून भाले केले होते. दारापाशी प्रदर्शनाचं टेबल होतं, त्यावर वेताच्या टोपल्या, मण्यांच्या माळा आणि शेजारी कोटाच्या उभ्या स्टँडवर ती शाल. मी मोठ्या अक्षरात "कृपया हात लावू नये" अशी इंग्रजी पाटी लावली. मैत्रिणीच्या वडिलांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "कमांडर, आमच्या लोकांना पाटी लागत नाही."

"मग कोणाला लागते?"

"तुम्हाला," ते म्हणाले आणि हसले.

आवाजाची व्यवस्था मात्र माझ्या हातात नव्हती. स्पीकर आणि माइक ओकव्हिलच्या एका काकांचे. ते निवृत्त इंजिनियर, एकोणीसशे सत्तरच्या सुमारास इकडे आलेले. मराठी मंडळाचा कोणताही कार्यक्रम त्यांच्या सूत्रसंचालनाशिवाय व्हायचा नाही, कारण स्पीकर त्यांचे होते. भाडं घ्यायचे नाहीत. फक्त माइक स्वतःकडे ठेवायचे.

"अगं, मी फक्त अनाउन्समेंट करीन," ते मला म्हणाले. "तुझी यादी दे. यादीबाहेर एक शब्द नाही."

"काका, नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही? मी पन्नास वर्षं कार्यक्रम करतोय!"

म्हणूनच नव्हता, पण ते बोलता येईना.

कार्यक्रम सुरू झाला. मी इतक्या वर्षांत पुष्कळ कार्यक्रम पाहिले होते. दिंड्या, लेझीम, आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांची ख्रिसमसची नाटकं. पण त्या मुलांनी हॉकी स्टिका उंच करून पहिली आरोळी दिली तेव्हा माझ्या हातातलं पेन खाली पडलं. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी पोटातून ती उचलायची, आणि पाय जमिनीवर असे पडायचे की खुर्च्या हलाव्यात. सेंटरचा केअरटेकर मॉप घेऊन धावत आला, हॉलमध्ये मारामारी लागली समजून. तो दारातच उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही. माझी युनिव्हर्सिटीतली मुलगी, जी मराठी कार्यक्रमांत दर दहा मिनिटांनी "मॉम, कॅन वी गो?" विचारते, ती पहिल्या रांगेत जाऊन बसली होती.

शेवटचा नाच झाला. यादीप्रमाणे आता मैत्रिणीने दोन शब्द बोलायचे, पास्टरांनी प्रार्थना म्हणायची आणि जेवण. मी मागे वाढायच्या टेबलापाशी पातेल्यांची झाकणं काढत होते. काकांनी मैत्रिणीला स्टेजवर बोलावलं. लोकांनी तिचं भाषण घ्यायला फोन वर केले. पण काकांनी माइक तिला दिला नाही.

"मित्रहो," काका इंग्रजीत म्हणाले, "आमच्या महाराष्ट्रात एक पद्धत आहे. ज्याने एवढं मोठं काम केलं, त्याला आम्ही तसंच घरी जाऊ देत नाही."

सत्कार! यादीत सत्कार नव्हता. मी मागून दोन्ही हात हलवून नको-नको केलं. काकांनी मला तसाच हात हलवून दाखवला.

त्यांनी कोटाच्या खिशातून नारळ काढला आणि मैत्रिणीच्या हातात ठेवला. तिने तो गोंधळून दोन्ही हातांनी धरला. मग काकांनी दुसऱ्या खिशात हात घातला, तिसऱ्यात घातला. शाल घरून आणली होती, ती गाडीच्या ट्रंकमध्येच राहिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पार्किंग लॉट लांब, बाहेर बर्फ, आणि सभा खोळंबलेली. काकांनी इकडे-तिकडे पाहिलं. स्टेजपासून चार ढांगांवर कोटाचा स्टँड होता.

माझ्या हातात गरम पातेलं होतं. मी ओरडले, "काका!" पण हॉलमध्ये लोक टाळ्या वाजवत होते. सत्कार म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, तरी पाहुण्याच्या उत्साहाला टाळ्या द्यायच्या म्हणून वाजवत होते. काकांनी शाल ओढली, सराईतपणे झटकली, उलगडली आणि मैत्रिणीच्या खांद्यांवर घातली. दोन्ही टोकं पुढे आणून नीट केली. पांढरा पट्टा बरोबर तिच्या छातीवर आला.

टाळ्या थांबल्या. हळूहळू नाही, एकदम. स्पीकरची घरघर तेवढी राहिली.

मैत्रीण हलली नाही. तिच्या दोन्ही हातांत नारळ होता. शाल काढायची तर नारळ कुठे ठेवायचा, एवढंही तिला सुचेना. नाचणाऱ्या मुलांनी माना खाली घातल्या. एका म्हाताऱ्या बाईने तोंडावर हात ठेवला. लोकांचे फोन तसेच वर धरलेले होते, खाली घ्यायचं कोणाला भान नव्हतं. मी पातेलं कसं खाली ठेवलं ते आजही आठवत नाही.

तिचे वडील उठले. स्टेजला तीन पायऱ्या होत्या, त्या ते कठड्याला धरून चढले. आधी तिच्या हातातला नारळ घेतला आणि काकांच्या हातात दिला. मग शाल तिच्या खांद्यांवरून उचलली. ओढली नाही, उचलली. तिथेच उभं राहून घडी घातली. मुलीच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

काकांना वाटलं, ही त्यांची पद्धत असावी. "टाळ्या!" ते माइकवर म्हणाले आणि एकटेच वाजवू लागले.

प्रार्थना झाली, लांबच लांब. मग सगळे जेवले. पोर्क अप्रतिम झालं होतं आणि तसं कोणी म्हटलं नाही. मैत्रीण प्रत्येकाला स्वतः वाढत होती, वाकून, पाहुण्यासारखी हसून. काकांनी दुसऱ्यांदा भात घेतला. गाडीकडे जाताना मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते बर्फात उभे राहिले, आणि पांढरे पडले म्हणतात तसे खरोखर पडले.

"पण तिथे पाटी होती, काका."

"पाटी प्रेक्षकांसाठी असते ना गं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "अगं, मी मान दिला."

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर मी धुतलेली पातेली परत द्यायला गेले. बापलेक टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये फोन. नागालँडातून पुतण्या बोलत होता. व्हिडिओ रात्रीतच गावाला पोचला होता. मला भाषा कळत नव्हती, पण मैत्रिणीचा चेहरा कळत होता. फोन संपल्यावर तिने सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, ड्यूटीवर पेशंटचा रिपोर्ट द्यावा तसं. पुतण्याने ओरडाआरडा केला नव्हता. मुलगा वाईट नाही, ती म्हणाली, त्याला चार लोकांत उभं राहायचंय. तो एवढंच म्हणाला की सगळ्यांनी बघितलंय. बाईच्या अंगावर गेलेली शाल घालून मी लग्नात उभा राहिलो तर लोक कुजबुजतील. मी नवीन विणून घेतो. ती खराब झाली, ती तिकडेच राहू दे.

"आणि पप्पा काय म्हणाले?"

तिने वडिलांकडे पाहिलं. ते स्वतःच माझ्याशी इंग्रजीत बोलले. "मी विचारलं, विणताना शाल माझ्या आईच्या मांडीवर होती. माग तिच्या कमरेला बांधलेला होता. किती दिवस! तेव्हा खराब नाही झाली?"

"मग?"

"म्हणाला, ते वेगळं."

मी खुर्ची ओढून बसले आणि माझ्या सवयीने उपाय सांगायला लागले. पास्टरांनी गावच्या पास्टरांना फोन करावा. काकांनी व्हिडिओवर माफी मागावी. पांढरा पट्टा उसवून तिथल्या म्हाताऱ्यांकडून नवा रंगवून घ्यावा. ड्राय क्लीनिंग म्हणाले की नाही ते आठवत नाही, म्हणाले असेन.

"कमांडर," ते म्हणाले, "पुरे."

चार दिवसांनी काका आले. मीच घेऊन आले. त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा आणि ट्रंकमध्ये राहिलेली ती शाल, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिवळी, जरीची किनार. त्यांनी माफी मागितली, आधी इंग्रजीत, मग भावनेच्या भरात हिंदीत, मग चुकून मराठीत. मैत्रिणीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना बसवलं. चहा दिला.

"तुमच्यात अशी शाल नेहमी देतात?"

"नेहमी. माझ्याकडे तीसेक असतील," काका म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते थांबले.

"तीस?" वडिलांनी कप खाली ठेवला. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तुम्ही काय केलंत? डोकी आणलीत?"

"छे, छे!"

"गावाला जेवण दिलंत?"

"नाही... म्हणजे बहुतेक भाषणं केली."

"भाषणं केली म्हणून तीस शाली." ते मैत्रिणीकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. तिला हसू फुटलं आणि लगेच रडूही. मग त्यांनी काकांना विचारलं, "मग त्यांचं काय करता?"

"कपाटात ठेवतो," काका खाली मान घालून म्हणाले. "बायको दुसऱ्यांना देऊन टाकते."

मैत्रिणीचे वडील एवढे हसले की खोकला आला. काका थोडे सावरले. मग त्यांनी करायला नको होतं तेच केलं. "पण मी म्हणतो," ते पुढे सरकून म्हणाले, "जेवण दिल्यावर ही शाल मिळते ना? मग हिने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घातलंच की! एवढं पोर्क, एवढा भात..."

"काका, प्लीज," मैत्रीण म्हणाली.

हसू गेलं. "नाही," तिचे वडील म्हणाले. "तसं नसतं ते." आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. काका पेढ्यांचा डबा उघडायचा की नाही, ते मला डोळ्यांनी विचारत होते.

मैत्रिणीच्या वडिलांचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. विमानतळावर मी सोडणार होते, कारण मैत्रिणीच्या गाडीला अजून विंटर टायर्स लावलेले नव्हते. सामान मी आदल्या दिवशी घरच्या काट्यावर तोलून दिलं होतं. शाल सुटकेसच्या तळाशी होती, मैत्रिणीनेच ठेवली होती, पुतण्याला नको असली तरी.

"तुला हवी होती ना?" मी विचारलं.

"अशी नको," ती म्हणाली. "कोणी टाकलेली म्हणून मिळालेली नको. गावात जाऊ दे. पेटीत पडून राहू दे, पण गावात."

एअरपोर्टवर मी त्यांना काउंटरच्या रांगेकडे घेऊन चालले होते, पासपोर्ट हातात, बोर्डिंगची वेळ पाठ. मागे वळून पाहिलं तर म्हातारे थांबलेले. त्यांनी सुटकेस आडवी केली होती आणि ते गुडघ्यांवर बसून तिची चेन उघडत होते.

"अंकल, नको!" मी धावले. तोलून, दाबून, कशीबशी बंद केलेली सुटकेस ती. मोजे बाहेर आले, मेपल सिरपच्या बाटल्या बाहेर आल्या, गावातल्या पोरांसाठी घेतलेल्या टोप्या आल्या. लोक बॅगा वळवून बाजूने जात होते. "पप्पा, काय हवंय? मी काढून देते," मैत्रीण म्हणत होती. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि तळातून शाल ओढून काढली.

उभे राहिले. पार्का काढून माझ्याकडे फेकला. आणि शाल स्वतःच्या अंगावर घेतली, नीट, एक टोक खांद्यावरून मागे टाकून. मी कोणाला जेवू घातलंय, असं म्हणणारा तो माणूस. मैत्रिणीने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. तिनेही त्यांना त्या शालीत कधी पाहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. "कमांडर, व्हिडिओ."

"कशाचा?"

"आधी काढ."

मी लाल बटण दाबलं. त्यांनी खांद्यावरची शाल उतरवली, दोन्ही हातांनी पसरली आणि मुलीच्या खांद्यांवर घातली. ती मागे सरली. "पप्पा, नो. नो, नो." ते पुढे सरले. पांढरा पट्टा मध्यावर आला आहे ना, ते त्यांनी पाहिलं, आणि त्या वेळी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग फोनकडे तोंड करून आपल्या भाषेत बोलले, शाळेत धडा सांगावा तसे, सावकाश. शेवटी मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "त्या दिवशी चूक झाली होती. आज चूक नाही. आज मी दिली आहे."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तिथेच, सुटकेस उघडी असताना, तो व्हिडिओ पुतण्याला पाठवून दिला. मग वाकून मोजे भरायला लागले.

मैत्रीण शालीत तशीच उभी होती. या वेळी तिच्या हातांत नारळ नव्हता, हात मोकळे होते, तरी तिने शाल काढली नाही. धरलीही नाही. ड्यूटीवर सगळ्यांना वाढणारी, उचलणारी, धावणारी ती बाई, दोन्ही हात खाली सोडून उभी. सुटकेसवर बसून ती मीच बंद केली.

ते सिक्युरिटीच्या काचेपलीकडे गेले. वळून त्यांनी मला सलाम ठोकला. फोनवर पुतण्याने व्हिडिओ पाहिला होता, उत्तर आलं नव्हतं. ते आत जाईपर्यंत तरी नव्हतं.

तो व्हिडिओ मैत्रिणीने मला पुष्कळ दिवसांनी दाखवला. त्यात शाल जेमतेम क्षणभर दिसते. बाकी सगळी फरशी आहे, बुटांवरून वितळलेल्या बर्फाची डबकी, मिठाचे पांढरे डाग, आणि वर त्यांचा आवाज. त्यांच्याकडे बघता बघता मी फोन कधी खाली वळवला ते तेव्हा मला कळलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांना सोडून आम्ही दोघी लिफ्टने खाली आलो. तिने शाल आपल्या पार्काच्या आत, अंगाशी घट्ट घेतली होती. पार्किंगच्या दारापाशी ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दी, गाडी कुठल्या लेव्हलला लावली होती?"

लेव्हल आणि खांबाचा नंबर मी प्रत्येक वेळी लिहून ठेवते. त्या दिवशीही लिहिला असणार. मी खिसे चाचपले, पर्स उलटीपालटी केली. मग आम्ही दोघी गाड्यांच्या रांगांमधून, रिमोट वर धरून, कुठून तरी आवाज येईल म्हणून बटण दाबत हिंडत राहिलो.